रेटिनॉल सोडलं, बावची टाळली, अझेलिकवर थांबले

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब लिहिते. वय ३६, दोन मुलं, तरी हनुवटीवर दर महिन्याला मुरुम ठरलेले. ते गेले की मागे काळे डाग. त्यात डोळ्यांशेजारी बारीक रेघा दिसायला लागल्या, म्हणून गेल्या वर्षी ऑनलाइन ०.५ टक्क्याचं रेटिनॉल (रेघा-मुरमांवर लावायचं, अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध) मागवलं आणि पहिल्याच आठवड्यात रोज रात्री थापलं. आठवड्यातून दोनदाच सुरू करायचं असतं, हे नंतर कळलं.

दहाव्या दिवशी नाकाच्या पाळ्या आणि हनुवटी सोलायला लागली. साधं पाणी मारलं तरी चरचरायचं. नवी हळद यार्डात आली होती, सौदे जोरात. त्या पापुद्र्यांत हळदीची धूळ जाऊन बसायची आणि दुपारपर्यंत तोंडावर पिवळे ठिपके उठायचे. आमच्याकडचे एक हमाल काका पोती उतरवता उतरवता म्हणाले, "बाई, परत हळद लागली काय तुम्हाला?" सगळं दुकान हसलं, मीपण हसले. घरी गेल्यावर बाटली कपाटात ढकलली.

आत्याचं म्हणणं, "बावची लाव, आपलं जुनं औषध आहे." कुठेतरी वाचलंही होतं की बावचीतून निघणारं बाकुचिऑल रेटिनॉलचं काम सौम्यपणे करतं. म्हटलं, मग थेट बावचीच घेऊ, स्वस्तात पडेल. गणपती पेठेच्या बाजूला काष्ठौषधीच्या एका दुकानात गेले. दुकानदारांनी डब्यातून काळपट, चपट्या बिया कागदावर ओतल्या आणि हात थांबवून विचारलं, "ताई, कोड आहे का कुणाला?" मी म्हटलं, नाही, मुरमांसाठी. त्यांनी बिया परत डब्यात भरल्या. "तोंडाला लावून उन्हात गेलात तर फोड येतील. दुसरं काहीतरी बघा."

माणूस बरोबर बोलला. बावचीच्या बियांत सोरालेन असतं. ते त्वचेला उन्हासाठी हळवी करतं, म्हणून तर कोडावरच्या उपचारात बावची वापरतात. बाकुचिऑल हा त्याच बियांतला वेगळा घटक, सोरालेन काढून शुद्ध केलेला. म्हणजे बावचीचं तेल आणि बाकुचिऑलचं सीरम या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकीच्या जागी दुसरी वापरायची नाही. आणि गंमत म्हणजे १९६६ साली हा घटक वेगळा करून दाखवला तो पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी. आपल्याकडचंच संशोधन, आपण मात्र परदेशी जाहिरातीतून शिकतो.

तर १ टक्का बाकुचिऑलचं सीरम घेतलं, तीन महिने वापरलं. सोलणं नाही, आग नाही. रेघा किंचित मऊ झाल्या असं मला वाटतं, नवऱ्याला काहीच फरक दिसला नाही. मुरुम? होते तसेच. ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मटॉलॉजीमध्ये २०१९ साली छापलेल्या ज्या चाचणीचा सगळे दाखला देतात, ती ४४ जणांवर १२ आठवडे झाली. बाकुचिऑल आणि रेटिनॉल दोन्हींनी सुरकुत्या आणि डाग सारखेच कमी झाले, सोलणं-चरचरणं रेटिनॉलवाल्यांना जास्त झालं. पण ती चाचणी उन्हाने थकलेल्या त्वचेची होती, मुरमांची नाही. शिवाय बाकुचिऑल त्यात दिवसातून दोनदा लावलं होतं. मी एकदाच लावत होते, हे मान्य.

शेवटी मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी १५ टक्के अझेलिक ॲसिडचं जेल लिहून दिलं. ॲसिड म्हटल्यावर पोटात गोळा आला. पण हा पदार्थ गव्हात, जवातही असतो म्हणे. ते छिद्रं तुंबू देत नाही, मुरमातल्या जंतूंना आवरतं आणि डाग गडद करणाऱ्या पेशींना लगाम घालतं. हरभऱ्याएवढं घ्यायचं, कोरड्या चेहऱ्यावर. पहिले दोन आठवडे लावल्यावर दहाएक मिनिटं मुंग्या आल्यासारखी खाज सुटायची. मॉइश्चरायझर आधी लावून त्यावर जेल लावलं तेव्हा ती कमी झाली. दीड महिन्यापर्यंत काहीच नाही, मी कंटाळलेच होते. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की हनुवटीवर एकच मुरुम आलाय, आणि जुने डाग विटलेत. रेघांवर फारसा परिणाम नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

माझ्या जावेला दिवस गेलेत. रेटिनॉल या काळात बंदच. तिलाही तिच्या डॉक्टरांनी अझेलिक चालेल म्हणून सांगितलं.

नायसिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार) ५ टक्के सकाळी लावते. तेलकटपणा कमी होतो, बाकी विशेष नाही. सनस्क्रीन मात्र रोज. यार्डात जाताना स्कूटीवर स्कार्फ बांधते तरी लावते, नाहीतर डाग परत गडद होतात.

सध्या जेलची तिसरी ट्यूब चालू आहे. बाकुचिऑलची उरलेली अर्धी बाटली आईला दिली. तिला मुरुम नाहीत, सुरकुत्या आहेत, ती खूश आहे. फक्त म्हणते, वास खवट शेंगतेलासारखा येतो.