अल्सरवर पीपीआय, फॅमोटिडिन, सुक्राल्फेट की मिसोप्रोस्टॉल?

गोळी ठरवण्याआधी अल्सर कशामुळे झाला ते तपासून घ्या. बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असतं: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू, नाहीतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या. जिवाणू पोटात राहिला, तर आम्ल कमी करून भरलेली जखम पुन्हा उघडते. तिथे पीपीआयच्या (प्रोटॉन पंप इनहिबिटर, म्हणजे आम्ल तयार होणं रोखणाऱ्या गोळ्या) जोडीला अँटिबायोटिक्स लागतात, साधारण 14 दिवस, एकही डोस न चुकवता.

जखम भरण्यात पीपीआय सरस. ओमेप्राझोल 20 किंवा पॅन्टोप्राझोल 40 मिलिग्रॅम रोज एकदा. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अल्सरला सहसा 4 आठवडे, जठराच्या अल्सरला 8. गुण येत नाही अशी तक्रार असेल, तर आधी गोळीची वेळ बघा. हे औषध आम्ल तयार करणारे जे पंप चालू आहेत तेवढेच बंद करतं आणि ते चालू होतात खाल्ल्यावर. म्हणून गोळी न्याहारीच्या 30 ते 60 मिनिटं आधी. पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात, तेव्हा जळजळ झाली की एखादी गोळी घेणं इथे फारसं कामाचं नाही.

त्या कामाला फॅमोटिडिन हे आम्ल कमी करणारं दुसरं औषध बरं. तासाभरात लागू पडतं. पण रोज घेतलं की एक-दोन आठवड्यांत शरीर सरावतं आणि असर उतरतो. किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो.

सुक्राल्फेट जखमेवर थर धरतं. 1 ग्रॅम, दिवसातून 4 वेळा, रिकाम्या पोटी: हे वेळापत्रक सांभाळणंच कठीण. बद्धकोष्ठता होते, आणि थायरॉइडच्या गोळीपासून 4 तासांचं अंतर ठेवावं लागतं.

वेदनाशामक बंद करणं शक्यच नसेल, तर अल्सर टाळायला आमची पसंती पीपीआयलाच. नेहमीच्या डोसमधलं फॅमोटिडिन जठराचा अल्सर नीट रोखत नाही. मिसोप्रोस्टॉल रोखतं, पण 200 मायक्रोग्रॅमच्या 4 डोसांनी अनेकांना जुलाब होतात. गरोदरपणात अल्सरसाठी ते अजिबात नको, गर्भपात होऊ शकतो.

क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळा; पॅन्टोप्राझोल चालतं. पीपीआय वर्षानुवर्षं घेत असाल तर बी-12 आणि मॅग्नेशियम तपासत राहा.

अँटिबायोटिक्स संपल्यावर किमान 4 आठवड्यांनी, पीपीआय 2 आठवडे थांबवून, जिवाणू गेला का हे पाहायला श्वासाची किंवा शौचाची चाचणी करा. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, तर गोळ्यांचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा.