गंगापूर रोडवरील परदेशी शिक्षण सल्लाकेंद्र: अभिप्राय
पुतणीच्या अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठी आम्ही नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका सल्लाकेंद्राची सेवा घेतली. बाहेरची शिष्यवृत्ती कॉलेजला कळवावी लागते आणि त्यामुळे गरजेनुसार मिळणारी मदत घटू शकते, हे त्यांनी अर्जापूर्वीच स्पष्ट केले. काही कॉलेजे आधी त्या मदतीतील कर्जाचा किंवा कॅम्पसवरील कामाचा वाटा कमी करतात, तर काही थेट स्वतःचे अनुदानच कापतात. म्हणून प्रत्येक कॉलेजचे धोरण लेखी मागवण्याचा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटला. मेरीलँड राज्याने २०१७ मध्ये सरकारी कॉलेजांतील अशा कपातीवर कायद्याने मर्यादा घातली, हेही तिथेच समजले. केंद्राचे शुल्क मात्र मध्यमवर्गीय कुटुंबाला जड जाते. ते हप्त्यांत घ्यावे.