छोट्या ऑफिसचं विंडोज डोमेन: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि मशीन डोमेनला का जोडलं जात नाही

डोमेन म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरवरून सांभाळला जाणारा मशीनांचा आणि खात्यांचा गट. इथली मांडणी साधी आहे. एक विंडोज सर्व्हर २०२२, त्यावर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनमधल्या खात्यांची आणि मशीनांची नोंदवही), डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) आणि फाइल शेअर, आणि त्याला जोडलेली विंडोज १० व ११ प्रोची पंधराएक मशीनं. काही महिने रोज वापरल्यावर मत पक्कं झालंय: एकदा मशीन नीट जोडलं गेलं की डोमेन मागं लागत नाही. पासवर्ड एका जागी, फोल्डरचे हक्क ग्रुपवर, प्रिंटर ग्रुप पॉलिसीने (सर्व्हरवरून मशीनांना लागू होणाऱ्या सेटिंगने) आपोआप. त्रास होतो तो जोडण्याच्या त्या दहा मिनिटांत. आणि त्यातला बहुतेक त्रास सर्व्हरचा नसतोच, मशीन नावं कोणाला विचारतंय याचा असतो.

‘डोमेन कंट्रोलरशी संपर्क होऊ शकला नाही’ हा संदेश (डोमेन कंट्रोलर म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर) आला की माणूस केबल तपासतो, सर्व्हर रीस्टार्ट करतो, फायरवॉल बंद करतो. त्याआधी त्याच खिडकीतलं ‘डिटेल्स’ बटण दाबावं. तिथे २३२बी या अक्षरांनी संपणारा कोड दिसला, म्हणजेच दशमानात ९००३, तर प्रश्न डीएनएसचा आहे. मशीनने डोमेनचं नाव विचारलं आणि समोरून ‘असं नाव अस्तित्वात नाही’ असं उत्तर आलं.

हे उत्तर देतो राउटर. राउटर डीएचसीपीतून (मशीनांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) पत्ता देताना डीएनएस म्हणून स्वतःचाच पत्ता देतो, समजा १९२.१६८.१.१. पुढे तो इंटरनेट पुरवठादाराच्या डीएनएसला विचारतो आणि त्याला तुमचं आतलं डोमेन माहीत असायचं कारण नाही. डोमेनला जोडताना विंडोज नुसता सर्व्हरचा पत्ता शोधत नाही, ते एसआरव्ही प्रकारची (कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणारी) नोंद मागतं: अंडरस्कोर एलडॅप, टिंब, अंडरस्कोर टीसीपी, टिंब, डीसी, टिंब, अंडरस्कोर एमएसडीसीएस, टिंब आणि पुढे डोमेनचं पूर्ण नाव. ही नोंद फक्त डोमेन कंट्रोलरच्या डीएनएसमध्ये असते.

म्हणूनच ‘सर्व्हर पिंग होतोय, मग डीएनएस बरोबर आहे’ हा निष्कर्ष चुकीचा. एकाच नेटवर्कवर छोट्या नावाचं पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का याची चाचणी) ब्रॉडकास्टनेही, म्हणजे सगळ्या मशीनांना एकदम विचारूनही सुटतं, डीएनएसला हात न लावता. पिंग चालतं आणि जॉइन होत नाही, ही जोडी अगदी नेहमीची. खरी तपासणी अशी: कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल चालवून डीएनएस सर्व्हरची ओळ बघा, तिथे फक्त डोमेन कंट्रोलरचा पत्ता हवा. मग एनएसलुकअप उघडून प्रकार एसआरव्ही करा आणि वरची नोंद विचारा. उत्तरात सर्व्हरचं नाव आणि पोर्ट ३८९ दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही.

पहिला डीएनएस सर्व्हरचा आणि दुसरा ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) टाकणं हा सर्वांत चिवट घोळ. ‘सर्व्हर बंद पडला तरी इंटरनेट चालू राहील’ हा हेतू चांगला, पण विंडोज दोघांना मिळून विचारत नाही. पहिल्याने वेळेत उत्तर दिलं नाही की ते दुसऱ्याकडे वळतं आणि तिथेच रेंगाळतं. दुसऱ्याने ‘असं नाव नाही’ सांगितलं की ते उत्तर अंतिम धरलं जातं, पहिल्याकडे परत फेरी होत नाही. मग सकाळी जोडलेल्या मशीनवर दुपारी लॉगिन पाच मिनिटं लोंबकळतं. बाहेरचे डीएनएस पत्ते टाकायची जागा क्लायंट, म्हणजे जोडलेलं मशीन, नाही, सर्व्हरच्या डीएनएस कन्सोलमधलं ‘फॉरवर्डर्स’ आहे. सर्व्हर बंद असताना इंटरनेटही अडेल हे खरं. त्यावर योग्य उपाय दुसरा डोमेन कंट्रोलर, आणि तो ठेवावाच.

आयपीव्ही६ कडे, म्हणजे नेटवर्क पत्त्यांच्या नव्या पद्धतीकडे, फार थोडे जण बघतात. आयपीव्ही४ मध्ये सगळं चोख असतं, आणि तरी आयपीकॉन्फिगच्या यादीत डीएनएसच्या ओळीत सर्व्हरच्या वर एफई८० ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता बसलेला दिसतो. तो राउटरचा. नवे राउटर आयपीव्ही६ च्या घोषणांमधून स्वतःला डीएनएस म्हणून जाहीर करतात आणि मशीन आधी त्यालाच विचारतं. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये ही घोषणा बंद करा. तसा पर्याय नसेल तर राउटरवर लॅनपुरतं आयपीव्ही६ बंद करा. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डवरची आयपीव्ही६ ची खूण मात्र काढू नका. विंडोज सर्व्हरमध्ये ते चालू गृहीत धरलेलं असतं.

डीएचसीपी सर्व्हरवर आणल्यापासून नव्या मशीनचं काम फार सोपं झालं. पर्याय ३ मध्ये राउटरचा पत्ता, ६ मध्ये डोमेन कंट्रोलरचा, १५ मध्ये डोमेनचं नाव. मग राउटरचं डीएचसीपी बंद केलंच पाहिजे. दोन्ही चालू राहिले तर जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता मशीन घेतं: काही जोडली जातात, काही नाही, आणि तेच मशीन दुसऱ्या दिवशी वेगळं वागतं. बिघाड असा लहरी वाटला की दुसरा डीएचसीपी शोधा. कोणीतरी कोपऱ्यात लावलेला जास्तीचा वायफाय राउटरही तो असू शकतो. गेस्ट वायफायवरून जोडायला जाऊ नका, तिथून सर्व्हर दिसत नाही.

डीएनएस निर्विवाद बरोबर असेल तर सर्व्हरकडे वळा. तिथे नेट शेअर चालवल्यावर सिसव्हॉल आणि नेटलॉगॉन हे दोन शेअर दिसायला हवेत. नसतील तर सर्व्हर स्वतःला डोमेन कंट्रोलर म्हणून जाहीरच करत नाहीये. एसआरव्ही नोंदी गायब असतील तर नेटलॉगॉन सर्व्हिस रीस्टार्ट केली की त्या पुन्हा लिहिल्या जातात. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतील, किंवा त्यावर व्हीपीएन बसवला असेल, तर तो डीएनएसमध्ये स्वतःचे दोन पत्ते नोंदवतो आणि क्लायंटला कधी चुकीचा मिळतो. डोमेन कंट्रोलरला एकच कार्ड, हे बरं. रीस्टार्टनंतर सर्व्हरचं नेटवर्क प्रोफाइल ‘पब्लिक’ झालेलं नाही हेही बघा, कारण मग फायरवॉल डोमेनचे नियम लावत नाही. सर्व्हर २०२५ च्या सुरुवातीच्या काळात हा दोष जाहीरपणे मान्य झाला होता. नेटवर्क अ‍ॅडॉप्टर बंद करून चालू केलं की प्रोफाइल जागेवर येतं. फायरवॉल पूर्ण उघडायची गरज कधीच पडत नाही; ५३, ८८, १३५, ३८९, ४४५, ४६४ आणि ४९१५२ च्या वरचे डायनॅमिक पोर्ट मोकळे असले की झालं.

घड्याळ. कर्बेरोस, म्हणजे डोमेनची ओळख पटवायची पद्धत, ५ मिनिटांपर्यंतचा फरक खपवून घेतं, त्यापुढे नाही. जुन्या डेस्कटॉपची सीआर२०३२ बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते, ते लगेच लक्षात येतं. लक्षात येत नाही ते टाइम झोनचं: पडद्यावर वेळ बरोबर दिसते, कारण कोणीतरी हाताने काटे फिरवलेत, पण झोन चुकीचा असल्याने आतली जागतिक वेळ तासांनी हललेली असते. आधी झोन बघा, मग वेळ.

आता सगळ्यात उपयोगी फाइल. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात डीबग नावाचा फोल्डर आहे, त्यात नेटसेटअप ही लॉग फाइल. जोडण्याचा प्रत्येक प्रयत्न तिथे ओळीओळीने लिहिला जातो. तळापासून वर वाचत जा आणि शून्याखेरीज जो स्टेटस दिसेल तो उचला. आकडे हेक्साडेसिमलमध्ये असतात, कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रामर मोडमध्ये बदलून घ्यावेत: ५४बी म्हणजे १३५५. १३५५ आला तर डोमेन सापडलं नाही, परत डीएनएसकडे. ५३ म्हणजे नेटवर्क पथ सापडला नाही, बहुधा पोर्ट ४४५ अडलाय किंवा पत्ता चुकीचा मिळालाय. १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चूक. डोमेनचं नाव, बॅकस्लॅश आणि युजर असं पूर्ण टाकून बघा. १२१९ आला तर त्याच सर्व्हरच्या शेअरला आधीच दुसऱ्या नावाने जोडणी चालू आहे. नेट यूज वापरून सगळ्या जोडण्या तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढा.

८५५७ हा कोड अकरावं मशीन जोडताना भेटतो. कोणताही साधा युजर मुळात १० मशीनं डोमेनला जोडू शकतो, पुढे नाही. पटकन सुटायचं म्हणून डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड प्रत्येक डेस्कटॉपवर टाइप करत सुटणं धोक्याचं आहे. ती मर्यादा शून्यावर आणा आणि मशीन जोडण्यापुरते हक्क दिलेलं एक वेगळं खातं बनवा.

२७३२ सर्वांत जास्त गोंधळात टाकतो, कारण जुन्या सवयीने केलेलं काम इथे अडतं. मशीन फॉरमॅट केलं, तेच जुनं नाव दिलं, जोडायला गेलं आणि नकार. ऑक्टोबर २०२२ च्या सुरक्षा अपडेटपासून आधीच असलेलं कॉम्प्युटर खातं कोणालाही परत वापरू दिलं जात नाही. ते खातं तुम्हीच बनवलेलं असेल किंवा डोमेन अ‍ॅडमिनने बनवलेलं असेल तर चालतं. रजिस्ट्रीतून हे तपासणं बंद करायची युक्ती अजून सांगितली जाते, पण ऑगस्ट २०२४ च्या अपडेटने तो रस्ता काढून टाकलाय. छोट्या ऑफिसात सरळ उपाय म्हणजे जुनं खातं काढून मग जोडणं. काढण्याआधी मात्र थांबा: बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) रिकव्हरी की अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत साठवत असाल तर ती त्याच खात्याच्या पोटात असते आणि त्यासोबत जाते. आधी ती उतरवून घ्या.

विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही, प्रो तरी हवीच. मशीनचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा. आणि विंडोज ११ मध्ये ‘वर्क ऑर स्कूल’ खिडकीत थेट ईमेल टाकू नका, तो क्लाउडचा रस्ता आहे. खालची लोकल डोमेनची छोटी लिंक निवडा.

जोडलेलं मशीन काही महिन्यांनी ‘ट्रस्ट तुटला’ म्हणतं, ते वेगळं प्रकरण. मशीन स्वतःचा छुपा पासवर्ड साधारण दर ३० दिवसांनी बदलतं. जुना बॅकअप किंवा स्नॅपशॉट परत आणला की मशीनकडे जुना पासवर्ड राहतो, सर्व्हरकडे नवा. डोमेनमधून काढून परत जोडायची गरज नाही. लोकल अ‍ॅडमिनने आत जाऊन पॉवरशेलमध्ये टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल ही आज्ञा रिपेअर पर्यायासह, डोमेनच्या खात्याने चालवा. यासाठी लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड माहीत हवा. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आलेलं लॅप्स (लोकल अ‍ॅडमिनचे पासवर्ड सांभाळणारी सोय) तो सांभाळतं, ते पहिल्याच आठवड्यात चालू करावं.

एका मशीनची डिस्क क्लोन करून बाकीची तयार करत असाल तर सिसप्रेप (क्लोन करण्याआधी मशीनची ओळख पुसणारं विंडोजचं साधन) वगळू नका. ते न करता क्लोन केलेल्या मशीनांचे एसआयडी, म्हणजे आतले ओळख क्रमांक, सारखेच राहतात. पूर्वी त्यावाचून फारसं अडत नसे, पण ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ वर अशी मशीनं एकमेकांशी ओळख पटवताना नाकारली जातात. पासवर्ड बरोबर असूनही शेअर उघडत नाही तेव्हा दोन्हींचे एसआयडी ताडून बघा.

खर्चाच्या बाजूने: २५ पर्यंत माणसं आणि ५० पर्यंत मशीनं असतील तर विंडोज सर्व्हरची इसेन्शियल्स आवृत्ती पुरते आणि तिला वेगळे क्लायंट परवाने (माणसामागे किंवा मशीनमागे घ्यायचे) लागत नाहीत. मात्र डोमेनमधले मुख्य अधिकार म्हणजे एफएसएमओ भूमिका त्याच सर्व्हरवर ठेवाव्या लागतात, आणि वर म्हटलेला दुसरा डोमेन कंट्रोलर घ्याल तेव्हा त्याचा परवाना वेगळा धरावा लागतो.