बडोदा ते लाइपझिग, एक सेमिस्टर: परत येऊन चार महिने झाल्यावरचा अनुभव

पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा कापलाय तो क्रेडिट्सचं घोंगडं अजून भिजत पडलंय म्हणून, आणि एक पूर्ण तारा एकच सेमिस्टर घेतलं म्हणून. यातला दुसरा दोष माझाच.

मी बडोद्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या विद्यापीठाचा जर्मनीत लाइपझिगमधल्या एका संस्थेशी विद्यार्थी-देवाणघेवाणीचा, म्हणजे एक्सचेंजचा, करार आहे. त्यावर २०२५-२६चं हिवाळी सेमिस्टर तिकडे काढलं.

एक्सचेंज म्हटलं की घरात पहिली समजूत होते ती फुकटची. फुकट काही नाही. इथली फी इथे भरायचीच, तिथली माफ. पण जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवण्याची फी मुळातच नसते. मग माफ नेमकं काय झालं, असं बाबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. खरा फायदा एवढाच की प्रवेशाची कटकट वाचते. बाकी खर्च आपलाच. व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात महिना ९९२ युरोप्रमाणे पैसे आधी भरून दाखवावे लागतात. माझे सहा महिन्यांचे ५,९५२ झाले. युरो शंभर रुपयांच्या वर होता, म्हणजे सहा लाखांचा खेळ. बाबांनी एफडी मोडली. ते पैसे तिथे आपल्यालाच महिन्याच्या महिन्याला परत मिळतात, हे आईला मी तीनदा समजावलं. व्हिसाची फी ७५ युरो वेगळी, इन्शुरन्स वेगळा.

निघाले १ ऑक्टोबरला, म्हणजे नवमीच्या रात्री. बडोद्याचं माणूस आणि नवमीला गावाबाहेर! टॅक्सीतून जाताना प्रत्येक मैदानावरून गरब्याचा आवाज येत होता आणि मैत्रिणी व्हिडिओवर व्हिडिओ पाठवून जळवत होत्या. गुरुवारी, दसऱ्याच्या संध्याकाळी लाइपझिगला पोचले. शुक्रवार ३ ऑक्टोबर, जर्मन एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी. मग शनिवार, रविवार. होस्टेलची किल्ली देणारा केअरटेकर सोमवारी सकाळी उगवणार. चार रात्री मी स्टेशनजवळच्या लॉजमध्ये, आठ जणींच्या खोलीत, वरच्या बंकवर काढल्या. रविवारी दुकानं बंद असतात हे वाचलेलं होतं, पण खरं वाटलं ते रिकाम्या रस्त्यावर उभं राहिल्यावर. थेपल्यांनी तारलं. तेव्हा तिकीट काढायच्या आधी तिथल्या सुट्ट्या बघा, आणि पोचायचंच तर सोमवारी किंवा मंगळवारी पोचा.

थोडं विषयांतर. बडोद्यात कुणी परदेशी शिकायला निघालं की घरातलं एक तरी वडीलधारं माणूस सयाजीरावांची शिष्यवृत्ती काढतंच. आमच्याकडे आजोबांनी काढली. १९१३मध्ये आंबेडकर कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी, आणि परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायच्या करारावर. आजोबांची गोष्ट इथे संपते. १९१७मध्ये आंबेडकर त्या नोकरीसाठी आले तेव्हा जातीमुळे या गावात त्यांना कुणी खोली दिली नाही, पारशी सराईतूनही काढलं, आणि ते कमाटीबागेत झाडाखाली बसून राहिले, हे मला शाळेच्या सहलीत संकल्पभूमीवर, म्हणजे त्याच्या स्मारकावर, कळलं होतं. लॉजच्या बंकवर पडून मी घरच्या ग्रुपवर किल्लीचं रडगाणं लिहीत होते आणि मधेच ते आठवलं. लिहिलेलं पुसलं, ‘सगळं ठीक आहे, झोपते’ एवढं पाठवलं.

आता अभ्यास. जाण्याआधी ‘लर्निंग ॲग्रीमेंट’ नावाचा कागद होतो: तिथे कोणते विषय घेणार आणि इथे ते कशाच्या बदल्यात धरणार. माझे पाच विषय, तीस क्रेडिट. तिथे गेल्यावर कळलं की त्यातले दोन फक्त उन्हाळी सेमिस्टरला शिकवतात. यादी इंग्रजीत होती, वेबसाइटवर होती, आणि त्या दोन नावांपुढे बारीक अक्षरांत सेमिस्टरही लिहिलेलं होतं. इकडे ते मीही वाचलं नाही आणि ज्यांनी सही केली त्यांनीही नाही. बदली विषय शोधले, इंग्रजीतून शिकवतात असे मोजकेच उरले होते. बदलाच्या फॉर्मवर तीन सह्या लागतात: माझी, त्यांची, आपल्या विभागप्रमुखांची. त्यांची दुसऱ्या दिवशी आली. आपली अडकली दिवाळीच्या सुट्टीत, ती आली नोव्हेंबर अर्धा उलटल्यावर. तोवर मी ज्या विषयाला बसत होते तो इथे धरणार की नाही, हे मला माहीत नव्हतं.

तिथे हजेरी घेत नाहीत. आपल्याकडे पंचाहत्तर टक्क्यांसाठी तापात जाऊन बसलेली मी, पहिल्या आठवड्यात सारखी वाट बघायची की आता नाव पुकारतील. लेक्चर संपलं की पोरं बाकावर टकटक करतात, तीच त्यांची टाळी. इंटर्नल नाहीत, मिडसेम नाही. शेवटची एक परीक्षा आणि तिचाच निकाल. मला हे आधी स्वर्ग वाटलं. मग जानेवारीत होस्टेलच्या फ्लॅटमधल्या मुलीनं विचारलं, “परीक्षेची नोंदणी केलीस ना?” कसली नोंदणी? विषयाला बसणं वेगळं, त्याच्या परीक्षेला ऑनलाइन नाव घालणं वेगळं, आणि त्याची मुदत असते. चार विषयांची मुदत चालू होती. पाचव्याची दोन दिवसांपूर्वी संपली होती. ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, पुढच्या सेमिस्टरला द्या. मला पुढचं सेमिस्टरच नव्हतं. सहा क्रेडिट तिथेच गेली.

तोंडी परीक्षेबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण त्या अर्ध्या तासासाठी मी हे सगळं पुन्हा करेन. विषय उष्णतेचा आणि हीट पंपाचा, म्हणजे गार जागेतली उष्णता गरम जागेत ढकलणाऱ्या यंत्राचा; एसी त्यातलाच. खोलीत प्रोफेसर, टिपणं घेणारे एक सहकारी, मधे कोरे कागद. त्यांनी विचारलं, तुझ्या गावात मे महिन्यात किती तापतं? म्हटलं, बेचाळीस. म्हणाले, घर चोवीसवर ठेवायचंय, आदर्श यंत्र जास्तीत जास्त किती कार्यक्षम असेल? तापमानं केल्विनमध्ये घेतली (म्हणजे २७३ मिळवून) आणि कागदावर मांडलं: २९७ भागिले (३१५ वजा २९७). साडेसोळा. म्हणजे एक युनिट वीज खर्चून घरातली साडेसोळा युनिट उष्णता बाहेर. ते हसले: “असा एसी मिळाला तर मलाही एक आण.” मग खरा एसी तीन-चारवरच का अडतो, यावर वीस मिनिटं गेली. बाहेर बेचाळीस असताना उष्णता बाहेर टाकायची तर एसीतला वायू त्याहून बराच गरम हवा, आणि घरात थंडावा द्यायचा तर चोवीसहून बराच गार. इथेच फरक अठरावरून तीसच्या पुढे जातो, मग कॉम्प्रेसरची गळती वेगळी. एका प्रश्नाला मी “माहीत नाही” म्हटलं. ते “बरं” म्हणून पुढे गेले. तोंड वाकडं नाही, टोमणा नाही. इतकी वर्षं व्हायव्हा दिल्या, “माहीत नाही” हे उत्तर म्हणून चालतं हे मला तिथे कळलं.

बाकीचं भराभर. पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचा कागद लागतो. हे झाल्याशिवाय पुढची बरीच कामं अडतात. टीव्ही नसला तरी घरामागे महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी भरावी लागते. आम्ही फ्लॅटमध्ये तिघी, प्रत्येकी ६.१२. पाण्याची प्लास्टिकची बाटली फेकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की २५ सेंट परत. भाकरवडी न्या, सुका चिवडा न्या, आपला लीलो चेवडो (ओला चिवडा) नेऊ नका, तो वाटेतच जीव सोडतो. डिसेंबरमध्ये चार वाजता अंधार पडतो. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की आपल्यात साडेचार तासांचं अंतर, त्यामुळे आई साडेआठला व्हिडिओ कॉल करायची तेव्हा माझ्याकडे चार वाजलेले आणि खिडकीत काळोख. “रात्र झाली गं तुझ्याकडे, अजून जेवली नाहीस?” हे रोज. जानेवारीत सेव-उसळीसाठी एकदा मी खरोखर रडले. त्यावर उपाय नाही. उसळीवरची ‘तरी’ नावाची गोष्ट तिथे कुणाला समजावूनसुद्धा सांगता येत नाही.

एक संध्याकाळ वेगळी सांगायला हवी. ९ ऑक्टोबरला गावात मेणबत्त्या लावतात. १९८९मध्ये त्याच तारखेला इथे सत्तर हजार लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला नाही, आणि महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली. फ्लॅटमधल्या मुलीची आई त्या गर्दीत होती. ती मुलगी म्हणाली, निघताना आईनं स्वतःच्या धाकट्या भावाला शेजारणीकडे ठेवलं आणि तिला सांगितलं, आम्ही आलो नाही तर आजीचा पत्ता हा. एवढं बोलून तिनं माझ्या हातातली विझलेली मेणबत्ती पेटवून दिली.

एकच सेमिस्टर म्हणजे कमी, असं मी का म्हणते? ऑक्टोबर कागदांत जातो, नोव्हेंबर विषय बदलण्यात, डिसेंबर अंधारात. सरकारी पत्र डिक्शनरीशिवाय वाचायला लागले तो जानेवारीचा शेवट होता, आणि फेब्रुवारीत परीक्षा देऊन पत्ता रद्द करायच्या रांगेत उभी होते. जमत असेल तर दोन सेमिस्टर घ्या. नसेलच जमत तर पाच विषय घेऊ नका, तीन घ्या.

निकालपत्रक मेमध्ये आलं. ते घेऊन मी इथल्या परीक्षा विभागात गेले. खिडकीवरच्या भाईंनी चष्मा वर करून तोंडीचा आकडा वाचला: १.७. मग माझ्याकडे बघितलं. “बेन, आ तो फेल छे ने?”

सांगितलं, तिथे १ सगळ्यात वर, ४ला पास, ५ला नापास. त्यांना पटेना. तेव्हा त्यांच्याच पावतीच्या मागे गुण बदलायचं जर्मन सूत्र मांडून दाखवलं: आपल्या दहाच्या मापात पास चारला धरला तर १.७ म्हणजे ८.६. त्यांनी पावती उलटी-सुलटी केली, बाजूच्या टेबलावर दाखवली, तिथून “साहेबांना विचारायला लागेल” असं आलं. अर्जाला ती पावतीच टाचणीनं लावून घेतली. फाइल सध्या तिसऱ्या टेबलावर आहे.