उणे ३.७ मेगापास्कल: अलाउएबल स्ट्रेस काढून देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचा अनुभव

या सेवेच्या झटपट अहवालाला एक तारा, तज्ज्ञ तपासणीला साडेचार. कृपा करून यांची सरासरी काढू नका. एकाच पाटीखाली ही दोन वेगळी दुकानं चालतात. सेवेचं नाव मुद्दाम देत नाही. माझी तक्रार त्यांच्याकडे लेखी गेली आहे, आणि अशा बाकीच्या सेवांची स्क्रीनही फारशी वेगळी नसते.

मी पाइपिंग स्ट्रेसचं काम करते, म्हणजे पाइप आपल्यावरचा भार पेलेल का याचा हिशोब. त्यासाठी लागतो अलाउएबल स्ट्रेस: त्या तापमानाला धातूवर किती ताण येऊ द्यायचा त्याची मर्यादा, मेगापास्कलमध्ये. एरवी टेबल उघडायचं, आकडा उचलायचा आणि पुढं जायचं, असं चालतं. या वेळी काम होतं भट्टीतला गरम वायू हीट एक्स्चेंजरपर्यंत नेणाऱ्या ८ इंची लाइनचं. दाब किरकोळ, साडेतीन बार. डिझाइन तापमान मात्र ८७० अंश सेल्सिअस. डेटाशीटवर कुणीतरी आधीच ‘३०४एच, शेड्यूल ४०एस’ असं लिहून ठेवलं होतं; पहिलं स्टेनलेस स्टीलच्या जातीचं नाव, दुसरं पाइपच्या ठरावीक जाडीचं. अशा नोंदी कोण करतं, ते कधीच सापडत नाही.

एएसएमई बी३१.३ या पाइपिंगच्या कोडच्या टेबलात ३०४एच ८१६ अंशांवर संपतं. तिथवर पोचेपर्यंत अलाउएबल उरतो ९.७ मेगापास्कल. नेहमीच्या तापमानाला हाच पाइप १३८ घेतो, म्हणजे हाती राहतो चौदावा हिस्सा. ३१६ (मोलिब्डेनम असलेलं स्टेनलेस) घेतला तरी सुटका नाही. ६५० अंशांना तो ३०४ च्या पुढं असतो, ५१ विरुद्ध ४२. ७६० ला दोघं बरोबरीत येतात आणि ८१६ ला ३१६ च मागं पडतो. ‘मोलिब्डेनम आहे, म्हणजे गरमीत भारी’ असं ठामपणे सांगणारे लोक मीटिंगमध्ये नेहमी भेटतात, म्हणून हे लिहून ठेवते.

८१६ च्या पुढं कोड दार लावून घेत नाही. स्पष्ट मनाई नसेल तर यादीतलं मटेरियल वापरता येतं, पण ते तिथं टिकेल हे डिझायनरनं दाखवायचं. म्हणजे सही माझी. एकटीच्या भरवशावर ती करायची नव्हती, म्हणून ही सेवा घेतली.

झटपट अहवालाचा फॉर्म चार रकान्यांचा: ग्रेड, तापमान, दाब, व्यास. भरला, फी भरली, आणि दहा मिनिटांत पीडीएफ हजर. ४.२ मेगापास्कल, शेजारी हिरवी खूण. आकडा कुठून आला याबद्दल एक अक्षर नाही. कॅल्क्युलेटर घेऊन बसले आणि पाच मिनिटांत चोरी सापडली. टेबलातले शेवटचे दोन बिंदू, ७८८ ला १२.४ आणि ८१६ ला ९.७, पट्टी लावून जोडायचे आणि रेघ तशीच पुढं ओढायची. एवढंच. खात्री करायला त्यांच्याच फॉर्ममध्ये ९५० अंश टाकले. उत्तर आलं उणे ३.७ मेगापास्कल. हिरव्या खुणेसकट. या रेघेच्या मते ९१३ अंशांना स्टेनलेस स्टीलची ताकद शून्य होते आणि त्यापुढं पाइप बहुधा आपल्याकडून काहीतरी उसनं मागतो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हीच रेघ लॉगच्या (घातांकी मापाच्या) कागदावर ओढली तर ८७० ला ५.९ येतात. म्हणजे त्यांचा ४.२ चुकीच्या वाटेनं का होईना, सावध बाजूला पडला होता. पण या फरकाची किंमत बघा. ४.२ धरून जाडी काढली तर साडेआठ मिलिमीटरच्या वर जाते. ५.९ धरून सव्वासहा. शेड्यूल ४०एस ची नाममात्र जाडी ८.१८, आणि साडेबारा टक्के मिलची सूट (कारखान्यातून पाइप तेवढा पातळ निघू शकतो) वजा केली की ७.१६ उरते. एका रेघेनं पाइप नापास, दुसऱ्या रेघेनं पास. दोन्ही रेघांना आधार काही नाही.

अहवालाच्या तळाशी ‘पर्याय’ नावाची चौकट होती. तिथं ३१० हे दुसरं स्टेनलेस सुचवलं होतं, कारण ‘११५० अंशांपर्यंत योग्य’. हा आकडा खोटा नाही, पण तो हवेत सतत तापत राहिल्यावर खपली (ऑक्साइडचा थर) धरण्याबाबतचा आहे. त्या मर्यादेपर्यंत धातू जळून झिजणार नाही, इतकंच तो सांगतो. भार पेलण्याबद्दल तो मुका आहे. त्यातही तापणं-निवणं वारंवार असेल तर ३१० ची हीच मर्यादा १०३५ वर उतरते. ३०४ ची सतत तापण्यासाठी ९२५ आणि चालू-बंद असेल तर ८७०. मर्यादा खाली येते, कारण खपली आणि धातू वेगवेगळ्या मापानं फुगतात-आकसतात, दर वेळी खपली तडकून सुटते आणि खालचा कोरा धातू पुन्हा जळायला मोकळा होतो. आमची भट्टी दर काही आठवड्यांनी थंड व्हायची. हे विचारणारा रकाना फॉर्ममध्ये नाही.

एवढं झाल्यावर मी चिडून तज्ज्ञ तपासणीचे पैसे भरले. इथून पुढचे तारे त्यांचे.

तीन दिवस काहीच नाही. चौथ्या दिवशी एका ज्येष्ठ इंजिनिअरांचा फोन आला आणि आकडा देण्याऐवजी त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. “मॅडम, ८७० वायूचं की धातूचं? वर्षाला किती तास? आयुष्य किती हवंय? पाइप सीमलेस की वेल्डेड? आणि टेस्ट सर्टिफिकेट समोर आहे का?”

स्टोअरमध्ये जो पाइप होता त्याचं सर्टिफिकेट काढलं. वरती ठळक ‘टीपी३०४/३०४एल’, दुहेरी प्रमाणित, म्हणजे एकाच पाइपला ३०४ आणि कमी कार्बनचा ३०४एल अशी दोन्ही नावं. कार्बन ०.०२२ टक्के. ते हसले नाहीत, पण हसू दाबल्याचं कळलं. ५३८ अंशांच्या वर ३०४ चे टेबलातले आकडे कार्बन किमान ०.०४ असेल तरच लागू होतात. ३०४एच मध्ये तो ०.०४ ते ०.१० ठेवतात, आणि एएसटीएम ए३१२ (पाइपचं मानक) त्यासाठी धातूच्या दाण्याचा आकारही नंबर ७ किंवा त्याहून जाड मागते. गंज टाळायला कार्बन कमी केलेला एल ग्रेडचा पाइप इथं क्रीपमध्ये, म्हणजे गरम धातू भाराखाली हळूहळू ताणत जाण्यात, उघडा पडतो. डेटाशीटवर एच, रॅकवर एल, आणि झटपट अहवालात नुसतं ‘ग्रेड: ३०४’. खरं सांगायचं तर सर्टिफिकेट मीही आधी उघडलं नव्हतं.

मग त्यांनी जे समजावलं, त्यासाठी मी दुप्पट फीसुद्धा दिली असती. क्रीपच्या पट्ट्यात अलाउएबल तीन चाळण्यांतून गाळून काढतात. हजार तासांत ०.०१ टक्का क्रीप घडवणारा सरासरी ताण, १ लाख तासांत पाइप फोडणाऱ्या सरासरी ताणाचे ६७ टक्के, आणि तशाच फोडणाऱ्या किमान ताणाचे ८० टक्के. तिन्हींत जो सगळ्यात लहान, तो घ्यायचा. आता यातले ६७ टक्के ८१५ अंशांपर्यंतच ठरलेले आहेत. त्यापुढं तो गुणक ताण आणि फुटण्याचा काळ यांच्या लॉग आलेखाच्या उतारावरून काढावा लागतो, आणि ६७ च्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे टेबल जिथं थांबतं तिथंच नियमही कूस बदलतो. म्हणून कुठल्याच पट्टीनं ही रेघ पुढं नेता येत नाही. खऱ्या क्रीप-रप्चर (ताणत ताणत फुटेपर्यंतच्या) चाचण्यांचा डेटा हातात हवा, त्याच जातीच्या मटेरियलचा. आणि तोही थोड्या तासांच्या चाचणीवरून फार लांब ताणायचा नाही; तिपटीपर्यंत ठीक, असं ते म्हणाले.

१ लाख तास म्हणजे साडेअकरा वर्षांच्या आतलाच हिशोब. आपण ‘अलाउएबल’ म्हणतो तेव्हा मनात कायमचं असं काहीतरी असतं, ते या तापमानाला नसतं. लार्सन आणि मिलर यांनी १९५२ मध्ये मांडलेलं सूत्र त्यांनी फोनवरच माझ्याकडून सोडवून घेतलं. केल्विनमधलं तापमान गुणिले, एक स्थिरांक अधिक तासांचा लॉग. स्थिरांक २० धरला, तर ८१६ ला १ लाख तास टिकणारा पाइप त्याच ताणाखाली २५ अंश जास्त तापला की साडेसत्तावीस हजार तासांवर येतो. स्थिरांक १५ धरला तर साडेपस्तीस हजारांवर. “थर्मोकपल किती अंशांनी चुकतं तुमच्याकडं?” त्यांनी विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला, कारण तो मला सुचायला हवा होता. सपोर्ट किती अंतरावर आहेत? सहा मीटर. ४०एस चा ८ इंची पाइप मीटरला ४३ किलोच्या आसपास. दोन टोकांवर टेकवलेला सहा मीटरचा तुकडा धरला तर नुसत्या स्वतःच्या वजनानं मधोमध ६.९ मेगापास्कल येतात. इन्सुलेशन धरलेलं नाही, दाब धरलेला नाही. आणि आम्ही भांडत होतो ४.२ की ५.९ यावर! दाबानं फुटायच्या आधी ही लाइन आपल्याच भारानं हळूहळू झोळ धरत गेली असती. शिवाय तापल्यावर पाइपच्या लांबीत दहा मीटरला सुमारे १५ सेंटिमीटर वाढ होते, ती कुठं जिरवायची हे वेगळंच.

“८७० ला ३०४एच चा आकडा मी देणार नाही,” ते म्हणाले. पैसे घेऊन आकडा न देणारा माणूस मला या धंद्यात पहिल्यांदाच भेटला. लेखी अहवालात त्यांनी दोन वाटा दिल्या. एक, ८००एचटी हा निकेल-लोह-क्रोमियमचा मिश्रधातू घ्या, त्याचे आकडे कोडमध्ये ८९९ अंशांपर्यंत आहेत, पण सपोर्ट जवळ घ्या आणि वेल्डसाठीची ताकदीतली घट विसरू नका. वेल्डच्या या घटीचा गुणक ५१० अंशांना १ असतो आणि ८१५ ला अर्ध्यावर येतो. दोन, दाब इतका कमी आहे तर पाइप तापूच देऊ नका; मोठ्या व्यासाचा कार्बन स्टीलचा पाइप घ्या आणि आतून रिफ्रॅक्टरी (उष्णता अडवणारं) लायनिंग करा. खरेदी विभागानं पहिल्या वाटेची किंमत ऐकली आणि दुसरी वाट एकमतानं मंजूर झाली. बाहेरचं कवच आम्ही १५० अंशांच्या आसपास धरलं. आता दर पाळीला कुणीतरी थर्मल कॅमेरा घेऊन लाइनीवरून फिरतं, लायनिंग कुठं तडकून गरम डाग पडलाय का ते बघत.

अर्धा तारा कापला तो अहवालाच्या पहिल्या पानासाठी. कोडची कुठली आवृत्ती वापरली ते वर्ष दिलेलंच नव्हतं, मागून घ्यावं लागलं. टेबलं आवृत्तीगणिक सुधारतात, आणि वेल्डची घटसुद्धा २००४ च्या आवृत्तीत आली. एका ठिकाणी केएसआय (ताणाचं अमेरिकन एकक) आणि मेगापास्कल एकाच तक्त्यात शेजारी बसवले होते, तेही टाळता आलं असतं. तीन दिवसांची शांतता मी माफ केली.

झटपट अहवालाचे पैसे परत मागितले होते. ‘प्रणालीने दिलेले उत्तर तांत्रिकदृष्ट्या पूर्ण आहे’ असं उत्तर आलं. हे लिहायच्या आधी पुन्हा एकदा फॉर्म उघडून ९५० टाकून पाहिले. उणे ३.७ आणि हिरवी खूण, दोन्ही अजून जागच्या जागी आहेत.