बुलेट ३५० चा मूळ कार्बोरेटर दुरुस्त करून अख्खा पावसाळा आणि थंडी चालवला, त्याचा अनुभव

आधी गाडी सांगतो. बुलेट ३५० स्टँडर्ड, कास्ट आयर्न इंजिन, नव्वदच्या दशकातली, वडिलांनी घेतलेली, अजून पॉइंट-कंडेन्सरच्या जुन्या इग्निशनवरच चालते. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिक्श्चर करणारा भाग, मूळचाच, मिककार्ब व्हीएम-२४. पाडव्याच्या सुमारास तो दुरुस्त करून लावला आणि तेव्हापासून रोजचं नाशिकच्या सातपूरला कामावर जाणं, सुट्टीला त्र्यंबक नाहीतर वणी, भर पावसात इगतपुरी, आणि आता ही थंडी, एवढं सगळं त्याच कार्बोरेटरवर झालंय. दुरुस्ती झाल्या झाल्या लिहिण्यात काही अर्थ नव्हता, कारण कार्बोरेटर नुसता साफ केला तरी पहिले आठ-पंधरा दिवस गाडी मस्तच पळते, खरं काय ते नंतर कळतं.

त्रास असा होता की गार इंजिनला गाडी एकदम शहाणी, आणि गरम झाली की स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावरची इंजिनची चाल, वर-खाली. मुंबई नाक्याला सिग्नलला उभं राहिलं की एकतर बंद पडायची, नाहीतर ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन खाली उतरायलाच तयार नाही, तसंच गुरगुरत राहायचं. थोडा ॲक्सिलरेटर दिला की कार्बोरेटरमधून फटकन उलटी हवा. ज्याच्याकडे न्यावं तो एअर स्क्रू फिरवून, स्लो वाढवून द्यायचा. एका ठिकाणी किट पण टाकलं, नवं पॅकिंग, नवी निडल, नवे जेट (पेट्रोल मापून सोडणारे बारीक भोकाचे पितळी भाग), आणि महिन्याभरात परत तेच. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, जुन्या कार्बोरेटरमध्ये किट टाकणं म्हणजे दुरुस्ती नाही. किटमध्ये जे मिळतं ते स्वस्त असतं म्हणून मिळतं. झीज झालेली असते बॉडीत आणि कार्बोरेटरच्या पिस्टनमध्ये (इंजिनच्या नव्हे, ॲक्सिलरेटर दिला की वर सरकतो त्या), आणि ती कोणी बघतच नाही.

सगळ्यात आधी फ्लँज बघा, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जिथं टेकतो ते तोंड. हा कार्बोरेटर हेडला दोन स्टडवर बसतो, मध्ये उष्णता अडवणारा जाड ब्लॉक, आणि बॉडी नरम ओतीव धातूची. वर्षानुवर्षं प्रत्येक जण नट कचकचून आवळतो, हवा खायला नको म्हणून, आणि आवळून आवळून फ्लँजचे दोन्ही कान हेडच्या बाजूला वाकतात, मधला भाग मागे राहतो, मग हवा तिथूनच आत जाते. आणि हवा खाते म्हणून पुढचा मेकॅनिक आणखी आवळतो! माझ्या फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरून मागून मोबाइलची टॉर्च मारली तर मधून सरळ उजेड दिसत होता. गाडीवर असतानाच तपासायचं असेल तर इंजिन स्लोवर ठेवून जोडावर थोडा कार्ब क्लीनरचा फवारा मारा, इंजिनचा आवाज बदलला की समजायचं तिथून खातंय. हे गार इंजिनवर करा, क्लीनर पेट घेतो, पॉइंटवाल्या गाडीला ठिणग्यांची कमी नसते.

फ्लँज सपाट करायचं काम घरीच केलं. जाड काच, सपाट टेबल, त्यावर पाण्यात भिजवलेला ३२० चा पॉलिश पेपर, शेवटी ६००. फ्लँजवर मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या आणि बॉडी पकडून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची, जोर अजिबात लावायचा नाही. सुरुवातीला दोन्ही कानांवरची शाई लगेच उडाली आणि मधली जशीच्या तशी, म्हणजे कान किती पुढं आले होते ते डोळ्यांनी दिसलं. मधली शाई सगळीकडून सारखी जाईपर्यंत घासत राहायचं, कंटाळा येतो पण थांबायचं नाही. घासलं की ओ-रिंगची खाच उथळ होते हे लक्षात ठेवा, नवी ओ-रिंग फ्लँजच्या जरा वर राहिली पाहिजे, जास्त वर राहिली तर परत कान वाकायला सुरुवात. ब्लॉकची दोन्ही तोंडं पण तपासली, त्यालाही थोडं घासावं लागलं. नट आता दोन्हीकडून आलटून-पालटून, छोट्या पान्याने, मनगटाच्या जोरावर बसवतो, बस. एवढ्या महिन्यांत एकदाही ढिले झाले नाहीत.

दुसरी झीज पिस्टनची. कार्बोरेटरचा पिस्टन वर-खाली होऊन होऊन एका बाजूने झिजतो, मग स्लोला तो बोअरमध्ये हलतो आणि बारीक टिकटिक आवाज येतो, बरेच जण तो इंजिनच्या टॅपेटचा समजून टॅपेट सेट करत बसतात. त्या फटीतून जी हवा जाते तिचा कुठल्याच स्क्रूशी संबंध नाही, त्यामुळे स्लो सेट होणंच शक्य नाही. नवा पिस्टन घेताना बॉडी सोबत न्या आणि दुकानातच घालून बघा. आणि अजून एक, पिस्टनच्या खालच्या कडेला फिल्टरच्या बाजूने एक काप असतो, त्याचा नंबर २.५ किंवा ३.० असा खाली ठोकलेला असतो, नंबर मोठा तेवढा काप मोठा आणि सुरुवातीच्या ॲक्सिलरेटरला मिक्श्चर तेवढं पातळ, म्हणजे त्यात पेट्रोल कमी. दुकानदार म्हणतो सगळे सारखेच, सारखे नसतात. जुन्याचा नंबर बघूनच घ्या. भद्रकालीतल्या एका दुकानात जुना पडून राहिलेला ओरिजिनल पिस्टन मिळाला, त्याच नंबरचा, आणि घातल्या घातल्या हाताला फरक कळला, सरकतो पण डुगडुगत नाही.

कार्बोरेटरच्या तळाला पेट्रोल साठतं त्या वाटीच्या स्क्रूचे आटे गेले होते, कोणीतरी जाडा स्क्रू जबरदस्तीने पिळलेला. अंबडला एक लेथवाले काका आहेत, त्यांनी हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून मूळ मापाचा स्क्रू करून दिला, पैसे एवढे कमी घेतले की मलाच अवघडल्यासारखं झालं. बाहेर तोच स्क्रू एम-सीलने चिकटवून देणारे आहेत. पेट्रोलमध्ये ते किती दिवस टिकणार?

जेटबद्दल थोडक्यात. जेटमध्ये तार घालू नका, पितळ नरम असतं, तार घातली की भोक मोठं होतं आणि त्याच्यावरच्या नंबराला अर्थ राहत नाही. माझ्या मेन जेटचं भोक भिंगाखाली धरलं तर गोल सोडून भलत्याच आकाराचं दिसत होतं. फेकला. पायलट जेट, म्हणजे स्लोचा जेट, क्लीनरमध्ये भिजवून हवा मारली आणि उजेडासमोर धरून बघितला. क्लीनर मारताना ओ-रिंग आणि फ्लोटची रबरी टोकाची निडल बाजूला काढून ठेवायची, नाहीतर रबर फुगतं.

आता पेट्रोल. २०२३ पासून ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, पंपांवर यायला लागलं आणि आता आपल्याकडे बहुतेक तेच मिळतं. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर तेच मिक्श्चर पातळ पडतं, पेट्रोलला एकास साधारण १४.७ हवा तर ई-२० ला साडेतेराच्या आसपास. आपली गाडी ज्या काळात बनली तेव्हा हे पेट्रोल नव्हतंच, त्यात तिची काय चूक. मी पिस्टनमधल्या लांब निडलची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे निडल वर आली, आणि मेन जेट एक नंबर मोठा टाकला. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून दीड आटा बाहेर, तिथून पुढे कानाने. या कार्बोरेटरला स्क्रू आत गेला की मिक्श्चर जाड होतं, काही दुसऱ्या कार्बोरेटरमध्ये उलटं असतं, म्हणून दुसऱ्याचं बघून फिरवू नका.

ट्युनिंग करताना ॲक्सिलरेटरच्या मुठीवर कागदी टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या. पावपर्यंत पायलट आणि पिस्टनचा काप, पाव ते पाऊण निडल, त्याच्या पुढं मेन जेट. गाडी कुठल्या खुणेवर अडखळते ते कळलं की कुठल्या भागाला हात लावायचा ते आपोआप कळतं. कसारा घाट चढताना अर्ध्या ॲक्सिलरेटरवर आधी जो धक्का बसायचा तो क्लिप बदलल्यावर गेला. प्लग आता कॉफीच्या रंगाचा येतो, आधी पांढराफटक यायचा आणि तो रंग इंजिन जास्त तापत असल्याचा होता.

ॲव्हरेजची फार अपेक्षा ठेवू नका. इथेनॉलमध्ये मुळात ताकद कमी, त्यात मी मिक्श्चर जाड केलंय. गाडी पस्तीसच्या आत-बाहेर देते, दुरुस्तीच्या आधीही साधारण तेवढंच होतं. फरक पडलाय तो चालण्यात, आता सिग्नलला शांत उभी राहते आणि ठोका मोजता येतो.

पावसाळ्यात त्र्यंबक रोडला धो-धो पावसात एकदा अडखळायला लागली, वाटी खोलली तर तळाला पाण्याचे मोठे थेंब, टाकीच्या झाकणाचं रबर गेलं होतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी वाटीत राहिलं की पांढरी पूड आणि पितळेवर हिरवट थर जमतो. गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर वाटी रिकामी करूनच ठेवा. हिवाळ्यात निफाडकडे सकाळी लवकर जाताना अर्धा चोक आणि दोन-तीन किक, मिनिटभरात चोक बंद, कुठं तक्रार नाही.

नवा डुप्लिकेट कार्बोरेटर का नाही घेतला असं बरेच जण विचारतात. एका मित्राने घेतला, ओतकाम बरं होतं पण जेटवरचे नंबर आणि भोकं यांचा मेळ नाही आणि पिस्टन पहिल्या दिवसापासूनच डुगडुगता. तरी बॉडीला चीर असेल, पायलटचा आतला रस्ता खराब झाला असेल किंवा बोअरच झिजून लंबगोल झालं असेल तर मात्र जुन्यावर पैसे घालू नका, चांगल्या ठिकाणाहून नवा घ्या.

अजून एक गोष्ट पूर्ण बरी झालेली नाही. साइड स्टँडवर बराच वेळ उभी राहिली की ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडतो. फ्लोट, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा भाग, गरम पाण्यात बुडवून बघितला, बुडबुडे नाहीत, म्हणजे तो ठीक आहे. फ्लोटच्या निडलच्या टोकाचं रबर नव्या पेट्रोलने खाल्लंय, आता पेट्रोलला टिकणाऱ्या वायटन रबराच्या टोकाची निडल मागवलीय, आली की बसवतो. तोपर्यंत गाडी लावली की पेट्रोलचा कॉक बंद.