ऑटोहॉटकी आणि रिमोट कमांड प्रॉम्प्ट: काही महिन्यांच्या वापरानंतर

क्लिपबोर्ड बंद, फाइल कॉपी बंद, आत जायला फक्त रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे दूरचं मशीन आपल्या पडद्यावरून चालवायची विंडो आणि तिच्यात काळा कमांड प्रॉम्प्ट. अशा सर्व्हरवर त्याच त्या कमांड रोज हाताने मारायच्या नाहीत म्हणून ऑटोहॉटकी घेतलं, म्हणजे स्क्रिप्ट लिहून दिली की आपल्या वतीने की दाबणारं विंडोजवरचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि अक्षरं-आकड्यांपुरतं बोलायचं तर तक्रारीला जागा नाही. डोकेदुखी सुरू होते ती \ | " @ : या मंडळींपासून.

“स्पेशल कॅरेक्टर चुकतात” असं सगळे म्हणतात, पण ही एक तक्रार नाही. काय चुकलं ते नीट वाचलं की कुठे चुकलं तेही कळतं. कोलनचा सेमीकोलन झाला, डबल कोटचा सिंगल कोट झाला, अंडरस्कोरचा हायफन झाला, तर की बरोबर दाबली गेली आहे, शिफ्ट मात्र वाटेत गळली. लाइन संथ असेल तेव्हा हे हमखास होतं. पण बॅकस्लॅशच्या जागी # उमटला, @ आणि " यांनी जागा बदलल्या, # मागितला आणि £ आला, तर शिफ्टला दोष देऊ नका. तुमच्याकडे अमेरिकन कीबोर्ड लेआउट आहे आणि पलीकडच्या सेशनमध्ये ब्रिटिश. रिमोट डेस्कटॉप साधारणपणे अक्षर पाठवत नाही, कीचा स्कॅन कोड, म्हणजे कीबोर्डवरच्या त्या कीचा नंबर पाठवतो. त्या कीवर कोणतं चिन्ह आहे हे पलीकडचा लेआउट ठरवतो.

तिसरा प्रकार म्हणजे चिन्ह उमटतच नाही. ऑटोहॉटकीच्या सेंड या की पाठवायच्या कमांडमध्ये ^ म्हणजे कंट्रोल, + म्हणजे शिफ्ट, ! म्हणजे ऑल्ट, # म्हणजे विंडोज की. उद्गारचिन्ह नुसतं गायब झालं तर नशीब. नाहीतर पुढच्या अक्षराला ऑल्ट लागून भलताच मेन्यू उघडतो. यावर रॉ मोड हा सरळ उपाय आहे, त्यात ही चिन्हं नुसती चिन्हं म्हणूनच जातात.

तपासणी प्रॉम्प्टमध्ये करू नका, पलीकडच्या नोटपॅडमध्ये करा. कीबोर्डवरची सगळी चिन्हं एका ओळीत पाठवायची आणि बघायचं. कमांड प्रॉम्प्ट स्वतःच ^ गिळतो, % मध्ये व्हेरिएबल शोधतो, & दिसला की दुसरी कमांड सुरू झाली असं समजतो. नोटपॅडमध्ये ओळ जशीच्या तशी आली आणि प्रॉम्प्टवर गडबड झाली, तर टायपिंगचा काही संबंध नाही, एस्केपिंग बघा, म्हणजे खास चिन्ह साधं म्हणून घ्यायला प्रॉम्प्टला सांगायची पद्धत. आणि स्क्रिप्टच्या शेवटी एंटर ठेवू नका. पाथमध्ये एक चिन्ह इकडचं तिकडे झालेली डिलीट कमांड आपोआप चालायला नको. उमटलेली ओळ डोळ्यांखालून घालायची आणि एंटर हाताने मारायचा.

गळणाऱ्या शिफ्टचा उपाय सोपा आहे, पण तो चुकीच्या जागी लावला जातो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ऑटोहॉटकीच्या दुसऱ्या आवृत्तीत साधं सेंड हे मुळात सेंडइनपुट असतं. ते सगळ्या की एका झटक्यात ढकलतं आणि दोन कींमधला वेळ ठरवणाऱ्या सेटकीडिलेला जुमानत नाही. त्यामुळे डिले कितीही वाढवा, फरक शून्य. सेंडइव्हेंट वापरा आणि सेटकीडिलेला ५०, ५० द्या. दुसरा आकडा की किती मिलिसेकंद दाबून धरायची त्याचा, आणि खरं काम तोच करतो. चाळीस अक्षरांच्या कमांडला निदान चार सेकंद जातात. जाऊ देत.

सेंडच्या टेक्स्ट मोडची शिफारस बरेच जण करतात. तो की पाठवतच नाही, थेट युनिकोड अक्षर पाठवतो, त्यामुळे आपल्या मशीनवर झकास चालतो. पलीकडे मात्र सगळा भरवसा रिमोट क्लायंटवर. स्कॅन कोडवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या कन्सोलमध्ये मी त्याच्या वाटेला जात नाही.

लेआउटच्या घोळावर खरा इलाज एकच, दोन्हीकडे एकच लेआउट. आपल्याकडे मराठी इनस्क्रिप्ट चालू राहिला असेल तर इंग्रजी अक्षरांचीही तीच गत, म्हणून स्क्रिप्ट चालवण्याआधी टास्कबारवरची भाषा बघायची सवय लावून घेतली आहे. पलीकडची सेटिंग बदलायचे अधिकार नसतील तर ऑल्ट दाबून नंबरपॅडवर कोड द्यायचा: \ साठी ९२, | साठी १२४, @ साठी ६४, " साठी ३४. नमलॉक चालू हवा. दिसायला गावठी आहे, पण लेआउट कोणताही असो, चालतं.

एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर थेट मजकुरातून कमांड द्यायची सोय मिळत असेल तर यातलं काहीच करू नका. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून आणि सर्व्हर २०१९ पासून ओपनएसएसएच हे त्याचं सॉफ्टवेअर पर्यायी फीचर म्हणून मिळतं. तिथे अक्षरं अक्षरं म्हणूनच जातात. ते मिळत नाही तिथे मी ऑटोहॉटकीच वापरत राहणार. फक्त पासवर्ड त्याच्याकडे देत नाही. ठिपक्यांमागे @ गेला की " गेला हे दिसत नाही, लॉगिनच्या पडद्याचा लेआउट सेशनपेक्षा वेगळा असू शकतो, आणि दोन-चार चुकीच्या प्रयत्नांत खातं लॉक झालं की ॲडमिनची मनधरणी करत बसावं लागतं.